हुक्केरीकर, चार जण, दोन रात्री

असं श्रीरंगनं लॉजच्या वहीत लिहिलं.
काउंटरवरच्या माणसानं चष्मा कपाळावर सरकवला:
"म्हणजे इथलेच की हो तुम्ही!"
आणि गरम पाण्याचे शंभर रुपये माफ केले.
आम्ही डोंबिवलीचे. तीन पिढ्या.
हुक्केरी आमच्यातल्या कुणीच पाहिलेली नाही.
पण शंभर रुपये कोण सोडतो.

बेळगावात पहिल्या संध्याकाळी आम्ही फक्त खाल्लं.
गिरमिट, मिरची भजी,
मग खडे बाजारात उभ्यानंच पाव किलो कुंदा,
करपायच्या एक पाऊल आधी थांबवलेलं दूध.
कौशिक म्हणाला, खरवडीसारखं लागतं,
आणि बोटं चाटत राहिला, ती पुसायला देईना.

एका दाराशी एक बाई मांडे करत होती.
कणीक दोन्ही कोपरांवर झुलवत झुलवत
लुगडं वाळत घालावं तशी
पालथ्या मडक्यावर टाकली.
शाल्मली, वय पंधरा, गेले वर्षभर कशालाच नवल न करणारी,
हळूच म्हणाली,
"म्हणजे मांडे खरे असतात?
मला वाटायचं, ते फक्त मनात खातात."

सकाळी किल्ला. कमलबस्तीत
छताला दगडी कमळ उमललेलं, उलटं.
मान दुखली म्हणून कौशिक सरळ फरशीवर आडवा झाला.
रखवालदार ओरडेल असं वाटलं.
तो जवळ आला, म्हणाला,
"अजून जरा डावीकडं झोप. तिथनं बरं दिसतंय."
मग आम्ही चौघंही झोपलो.
लग्नानंतर सोळा वर्षांत
इतका वेळ गप्प असे आम्ही पहिल्यांदाच.

गोकाकला धबधबा नव्हता.
म्हणजे जागा होती, कठडा होता,
काकडीवाला होता, झुलता पूल होता कुलूप लावून,
कडा होता घोड्याच्या नालासारखा,
आणि मधोमध एक ओली रेघ,
कुणी नाक पुसल्यासारखी.
श्रीरंग बारा वर्षं सांगत होता, एकदा दाखवतो.
तो मे महिन्याकडे पाहत राहिला.
मी पिशवीतून करदंट काढला.
डिंक दाताला चिकटला की
माणसाला बोलता येत नाही, हे बरं असतं.
"किती उंच आहे ते तरी कळलं," शाल्मली म्हणाली.
"पाणी असतं तर कडा दिसलाच नसता."
त्यानं तिच्याकडे असं पाहिलं
की मीच दुसरीकडे पाहिलं.

परतीची वाट. ऊस, वीटभट्ट्या,
वाचता न येणाऱ्या पाट्या,
गोल गोल अक्षरं, जिलब्या घातल्यासारखी.
मध्येच मैलाच्या दगडावर
चारी पाय गोळा करून उभी एक शेळी.
शाल्मलीनं चालत्या गाडीतून फोटो काढला.

संकेश्वरला चहा.
टपरीवरची बाई आधी "बर्री बर्री" म्हणाली,
मग आमची तोंडं बघून मराठीत आली.
आडनाव कळल्यावर हसली.
"हुक्केरी? मागं ऱ्हायली की.
तिकडनंच आलासा न्हवं?"

कपाचा कान धरून श्रीरंग उभा राहिला.
फार लांब नव्हतं. अर्ध्या तासात जाऊन पोचलो असतो.
पण कौशिकचा क्लास, पुण्याच्या पुढची गर्दी,
आणि गेलो असतो तरी
कुणाचं दार वाजवून काय विचारायचं?
त्यानं कुंद्याच्या रिकाम्या खोक्याचं झाकण पुढं केलं.
"नाव लिहून देता? तुमच्या लिपीत."
बाईनं मुलाला हाक मारली.
पोरानं जीभ बाहेर काढून,
तुपाच्या डागाला वळसा घालून, तीन अक्षरं लिहिली.
चहाचे पैसे घेतलेन. पूर्ण.

निपाणीच्या पुढे अंधारलं.
मागच्या सीटवर मोबाइलचा उजेड,
मांडीवर झाकण,
आणि शेळीचा फोटो बोटांनी मोठा, अजून मोठा.
"आई, थांब," ती म्हणाली, गाडी तर बाबा चालवत होता.
"हे बघ. हु.
हे क्के.
आणि री
शेळीच्या पायाखाली आहे."